शाळेपेक्षा ओटा मोठा

त्या दिवशी सकाळी आम्ही बाज आवळली. सुंभ सैल पडून मधे पार झोळी झाली होती. निजलं की कंबर जमिनीला आन् पाय आभाळाला. बाज आवळायला दोन माणसं लागतात. एकानं ओढून धरायचं, दुसऱ्यानं पुढची ओळ ताणायची. मी धरत होतो, ती ताणत होती, दांडीला पाय लावून.

"ओढा की. रेल्वेनं ताकद बी ठिवून घेतली का काय तुमची?"

"ओढतोय की."

"ह्याला वडनं म्हणत्यात व्हय? म्हशीचं शेपूट धरल्यावानी धरलंय नुसतं."

गाठ मारून झाली तेव्हा तिनं बाजेवर थाप मारली. हलगीसारखी वाजली. "आता धा वरसं बघाया नगं," म्हणाली. मग बसून बघितलं, मग आडवं होऊन बघितलं, आन् डोळ्यांवर पदर घेतला. मी आत चूल पेटवली, चहा ठेवला. हाक मारली तर उठली नाही. बाहेर येऊन बघतो तर बाज तिच्याखाली जरासुद्धा वाकली नव्हती.

एवढंच. दुखणं नाही, खुपणं नाही. लोक म्हणाले, पुण्यवान बाई. मला पुण्य-बिण्य कळत नाही. मला राग आला. बाज आवळायला दोन माणसं लागतात हे तिला माहीत होतं.

आता मास्तर म्हणतात, बाईंबद्दल चार ओळी लिहून द्या, शाळेत ठेवू. मी दौंडला रेल्वेत रूळ ठोकणारा माणूस. तिसरी अर्धी सोडलेली. जमेल तसं लिहितो. चुकलं तर मास्तरांनी नीट करावं, पण गोड करू नये. ती गोड नव्हती.

नाव ठकूबाई. मी तिला उभ्या जन्मात नावानं हाक मारली नाही, तिनं मला नाही. काळी, उंच, हाडापेरानं माझ्यापेक्षा रुंद. चालायची अशी की कोंबड्या आधीच बाजूला व्हायच्या. पण सगळ्यात मोठी खोड म्हणजे तिचं बोलणं.

आमच्यात सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नसतं. सख्खा असो, चुलत असो. पदर पुढं घ्यायचा आन् बाजूला व्हायचं. आप्पा माझे चुलत चुलते, म्हणजे तिचे चुलत सासरे. वाडीतले सगळ्यात थोरले. वाडीचं पानही त्यांना विचारून हलायचं. ठकूनं ही रीत मरेपर्यंत पाळली. आप्पांशी ती एक शब्द बोलली नाही. ती म्हशीशी बोलायची. आप्पा अंगणात उभे असले की म्हशीला म्हणायची, "बये, शेजाऱ्याच्या कडब्यात तोंड घालशील तर बघ. आपल्याला काय आप्पावानी धा एकर न्हाई." आप्पाही कमी नव्हते. ते म्हशीकडं बघूनच म्हणायचे, "म्हशीला सांगा, कडबा मोजून ठेवलाय." म्हैस बिचारी दोघांच्या मधे उभी राहून रवंथ करायची. पंधरा-वीस वर्षं त्या दोघांचं भांडण असं चाललं. म्हशी तीन बदलल्या.

आमची वाडी मांडवगण फराट्याच्या अलीकडं, भीमेच्या काठावर. पलीकडं दौंड तालुका. होडीतून नदी ओलांडायची, केडगावला चालत जायचं, तिथून दौंडची गाडी. ज्याला मिसरूड फुटलं तो त्या वाटेनं गेला. कोणी रेल्वेत, कोणी कुठल्या गोदामात. मीही गेलो, माझ्यामागं आमचा थोरला गेला. सुटीला यायचं, आन् जायचं. वाडीत राहिली म्हातारी माणसं, बायका, आन् बायकांच्या पदराला पोरं.

शाळा मारुतीच्या देवळात भरायची. एक मास्तर, चार वर्ग. म्हाताऱ्यांची बसायची जागाही तीच. एका बाजूला "बे एक बे", दुसऱ्या बाजूला खोकला. मास्तर फळ्यावर लिहायला वळले की मागून कुणीतरी घोरायचं. पोरांना हसायचं निमित्तच पाहिजे. एकदा मास्तरांनी एका पोराला उभं केलं, "का हसलास?" पोरगं म्हणालं, "गुर्जी, आमचा आजा सपनात बैल हाकतोय." बघितलं तर खरंच हाकत होता.

मग शिरूरच्या कचेरीतून कागद आला. शाळेला स्वतःची खोली नसेल तर मास्तर मांडवगणला जाईल, पोरांनी तिकडं जावं. मांडवगणला जायला मधे ओढा. पावसाळ्यात गळ्याएवढा. खोली बांधायची तर निम्मं सरकार देणार, निम्मं वाडीनं उभं करायचं, पैशानं नाहीतर अंगमेहनतीनं.

आता वाडीच्या वाट्याला पंचायतीकडून थोडा पैसा आला होता, आन् त्याचं काय करायचं ते आधीच ठरलं होतं. म्हाताऱ्यांना बसायला निवारा. वर पत्रे, खाली दगडी ओटा, नदीचा वारा. आप्पांनी जागाही धरली होती. एवढ्या पैशात एकच गोष्ट होणार, निवारा नाहीतर शाळा.

आमच्या सुनेनं सांगून टाकलं, "शाळा गेली तर मी पोरं घेऊन दौंडला जानार. एक खोली मिळाली तर एका खोलीत राहीन." तिचं काही चुकत नव्हतं. ती गेली की शेजारची जाणार. ठकू त्या दिवशी जेवली नाही. मला वाटलं सुनेवर रागावली. रात्री म्हणाली, "तिच्यावर कशाला रागवू? ती आई हाय. मी म्हणते, पोरं गेल्यावर ह्या वाडीत भांडायचं कुनासंगं?"

सभा देवळात भरली. मी सुटीवर होतो, मीही गेलो. बायका मागं खांबाला टेकून. आप्पा उठले आन् म्हणाले, "आमची लाकडं मसनात गेली. आता किती दिस? चार दिस सावलीत बसू द्या. शाळा काय, मांडवगणला हायेच. ज्याला निवारा पाहिजे त्यानं हात वर करा."

वाडीत म्हातारेच जास्त. हात असे वर झाले की देवळात अंधार पडला. आता लपवून काय करू, माझाही हात वर होता. मी पन्नाशीला आलो होतो. रूळ ठोकून ठोकून कंबर गेली होती. मलाही वाटलं, आपल्याला बसायला होईल.

मागून आवाज आला, "खांबा, तुला एक इचारू का?"

सगळे वळले. ठकू पदर नाकापर्यंत ओढून देवळाच्या खांबाशी बोलत होती. "खांबा, निवारा झाला. म्हातारी मानसं सावलीत बसली. लई चांगलं झालं. पन मानूस हाय, एक दिस त्यातलं एक गेलं. मग खांदा द्यायला कोन? पोरं तर आयांच्या मागं दौंडला गेली. म्हंजी म्हाताऱ्याला न्यायला म्हातारंच. निम्म्या वाटंत मागचं दोन खाली बसलं तर मढं खाली ठिवायचं का त्या दोघांनाच वर घ्यायचं?"

कुणीतरी फस्सकन हसलं. मग सगळं देऊळ हसलं. आप्पा हसले नाहीत. खांबाकडं बघून म्हणाले, "खांबाला सांगा, थट्टा पुरं. आमी बसायचं कुठं त्ये सांग म्हणावं."

"खांबा, शाळंला ओटा करू. चांगला रुंद. आत पोरं, भाईर म्हातारी. छप्पर एकच. पैसा बी एकच."

आप्पा खाली बसले. मग म्हणाले, "किती रुंद?"

तिथंच ठरलं. पण माझा वर झालेला हात तिनं बघितला होता. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. भाकरी वाढताना मांजराला म्हणायची, "मने, तुला अजून कालवन पाहिजे का, का निवाऱ्यात जाऊन खातीस?" तिसऱ्या दिवशी मी मांजराला म्हटलं, "मने, चुकलं म्हणावं." तेव्हा कुठं तूप पडलं.

बांधायचं ठरलं, पण बांधणार कोण? तरणे हात नदीपलीकडं. ठकूनं इरजिक घातली. शेतात नांगरट अडली की गावानं आपापली अवजारं घेऊन एका दिवसात काम उरकायचं आन् संध्याकाळी घरधन्यानं जेवण घालायचं, ती इरजिक. ही पहिलीच बिनबैलांची. घरोघर जाऊन तिनं सांगितलं. सासऱ्याच्या नात्यातलं कोणी दिसलं की उंबऱ्याला सांगितलं, तुळशीला सांगितलं, एका घरी तर जात्याला सांगितलं.

आले सगळे. सत्तरीचे, पंच्याहत्तरीचे. कुणी दगड उचलायचा, कुणी उचलणाऱ्याला धरायचा. गवंडी मेहबूबचाचा, आमच्या शेजारचे. त्यांच्या घराण्यानं आमच्या सगळ्यांची घरं बांधलेली. तेही साठीचे. ते म्हणायचे, "एक धोंडा बसवायला मला एक म्हातारा लागतो आन् त्या म्हाताऱ्याला उठवायला दोन." ठकूनं हुलग्याची शेंगोळी केली होती, पातेलंभर, लसूण घालून. दात नसलेल्यांना दुसरं काय घालणार? एक दिवसाची इरजिक शेंगोळ्यांपायी आठ दिवस चालली.

आता घोटाळा झाला तो असा. मेहबूबचाचांनी दोरी लावून, खुंट्या मारून आखणी केली होती. इथं खोली, इथं ओटा. आप्पा रोज सगळ्यांच्या आधी यायचे. कामाची हौस, असं आम्हाला वाटायचं. ते यायचे, जागेवर आडवे व्हायचे, पाय लांब करायचे, आन् ओट्याची खुंटी उपटून पायापलीकडं ठोकायचे. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणी तरी आपल्या मापानं निजून बघायचं. एकजण तर सहा फूट होता. खोलीची खुंटी मात्र आत सरकत गेली. चाचांना संशय आला तेव्हा पाया भरून झाला होता. चाचा डोकं धरून खाली बसले. "ही शाळा न्हाई, भाबी. ही खाट हाय दगडाची."

ठकूनं पावलं टाकून मोजलं. खोलीपेक्षा ओटा मोठा. तिला कुणाचं काम आहे ते कळलं होतं. मेहबूबचाचांच्या शेळीकडं तोंड करून एवढंच म्हणाली, "शेळे, म्हाताऱ्यांचं पाय मरताना लांब व्हत्यात म्हनं. आमच्याकडं आधीच झाल्यात." आप्पा नदीकडं बघत बसले.

भिंती उठल्या, छप्पर चढलं, आन् शिरूरहून दिपोटी आले. शाळा तपासणाऱ्या साहेबाला आमच्याकडं दिपोटी म्हणतात. ह्यांनी पास केलं तर सरकारचं निम्मं मिळणार, मास्तर राहणार. नाही केलं तर सगळं पाण्यात. सायकलवरून उतरले, घाम पुसला, नकाशा काढला. नकाशा बघितला, इमारत बघितली. पुन्हा नकाशा बघितला.

"शाळा कुठंय?"

मास्तरांनी आत दाखवली.

"आणि हे काय?"

ओट्यावर पंधरा-वीस म्हातारे ओळीनं बसले होते, नवे पटके बांधून.  दिपोटी म्हणाले, "सरकार मुलांसाठी पैसा देतं. म्हाताऱ्यांना लोळायला देत नाही. असं मी पास करू शकत नाही."

मास्तरांचा चेहरा उतरला. ठकू पुढं झाली. दिपोटी काही सासरे नव्हते, त्यांच्याशी ती सरळ बोलली. "साहेब, पोरांना इचारा तर खरं काईतरी. मग काय त्ये लिवा."

दिपोटींनी एका पोरीला उभं केलं. "औट सत्ते?" म्हणजे साडेतीन साते. पोरगी छताकडं बघायला लागली.  मास्तर घामाघूम. तेवढ्यात बाहेर ओट्यावरून आवाज आला, घोगरा, ठाम, "साडेचोईस."

"कोण बोललं?" दिपोटी दारात आले.

आप्पा उभे राहिले. शाळेचं तोंड न बघितलेला माणूस, पण सगळा जन्म धान्य मापण्यात गेला होता. वाटलं, आता आप्पांना बोलणी बसतात. दिपोटी म्हणाले, "पुढं?"

आप्पांनी सुरू केलं. औट आठे अठ्ठावीस, औट नव्वे साडेएकतीस. शेजारच्यांनी आवाज मिळवला. औटकी झाली, मग अडीचकी, मग दिडकी. वीस म्हातारे डोलत होते, कुणाला दात नाहीत, कुणाला ऐकू नाही, पण पाढा घसरत नव्हता. आन् आतून पोरं मागं म्हणायला लागली, आधी हळू, मग देवळापर्यंत ऐकू जाईल अशी. ती पोरगी सगळ्यात मोठ्यांदा.

दिपोटी ओट्यावर बसले. टोपी काढली.  आता नवे पैसे आलेत, ही औटकी जाणार, असं काहीतरी मास्तरांना म्हणाले. मग ठकूला म्हणाले, "बाई, कागदावर ह्या ओट्याला काय म्हणू?"

"बाहेरचा वर्ग म्हना," ती म्हणाली. "मोठी पोरं भाईर बसतील, म्हाताऱ्यांजवळ. हितं हात जोडून सांगते, कुनी लोळनार न्हाई." मग एका लाकडी खांबाकडं वळून, "काय, खांबा?"

आप्पा म्हणाले, "खांब व्हय म्हणतोय."

दिपोटींनी तसंच लिहिलं.

तेव्हापासून बारा-तेरा वर्षं तिसरी-चौथी ओट्यावर बसते. मीही नोकरी सुटल्यावर तिथंच बसायला लागलो, आन् ऐकून ऐकून विसरलेलं लिहिणं पुन्हा शिकलो. म्हणून हे लिहितोय. ठकूनं स्वतः पाटीला कधी हात लावला नाही. मास्तर म्हणायचे, "बसा की बाई चार दिवस." ती म्हणायची, "मी बसल्यावर पानी कोन भरंल?"

पाणी हे तिनं आपणहून अंगावर घेतलं होतं. ओट्याच्या मधोमध रांजण मांडलेला, एका बाजूला पोरं, एका बाजूला म्हातारी. रोज सकाळी दोन खेपा. एक डोक्यावर, एक कमरेवर. रांजण एक आन् तांब्या एक. ह्याच्यावरून पहिल्या दिवशी कुरकुर झाली. वाडीत सगळ्या जातीची पोरं, सगळ्यांचा हात लागणार. ठकूनं तांब्या भरला, म्हारवाड्यातल्या एका पोरीला आधी दिला, तिच्या हातून घेऊन मग स्वतः प्याली, तोंड पुसलं आन् रांजणाला म्हणाली, "ज्याला वंगाळ वाटंल त्यानं नदीवर जावं. नदी मोठी हाय." दोन-तीन महिने काहीजण खरंच नदीवर गेले. मग उन्हाळा आला. उन्हाळ्यानं पुष्कळांना शहाणं केलं.

आप्पांना नाही केलं. आप्पा घरून पितळी चंबू आणायचे, पंच्याखाली झाकलेला. बारा वर्षं रोज. रांजणाला पाठ करून प्यायचे. ठकू कधी त्यावर बोलली नाही. फक्त रांजण पुसताना जरा जास्त घासायची, आवाज होईल असा.

आता शेवटचं सांगतो.

दौंडला निरोप गेला. पोरगा, सून, सगळे दुपार कलायच्या आत नदी उतरून आले. तिला न्यायची वेळ झाली तेव्हा मी पुढं झालो. मला कुणी खांदा लावू दिला नाही. बघितलं तर चारही खांदे तरणे. एक आमचा नातू. एक मेहबूबचाचांचा. दोघं त्या ओट्यावर औटकी शिकलेले. बदलायला मागं अजून दहा-बाराजण, रांगेत. कोणी वाटेत खाली बसलं नाही. इतक्या जोरात घेऊन निघाले की आम्ही म्हातारे मागं पडलो. आप्पा माझा दंड धरून चालत होते. ती असती तर खांबाला काहीतरी म्हणाली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो. बाज अंगणात तशीच होती, ताठ. मी तिच्यावर निजलो नाही. घागर घेतली आन् विहिरीवर गेलो. बायका बाजूला झाल्या. कोणी हसलं नाही, हसल्या असत्या तरी चाललं असतं. डोक्यावर घेता येईना म्हणून खांद्यावर घेतली. वाटेत निम्मी माझ्या अंगावर सांडली.

शाळा भरली होती. मास्तर म्हणाले, "बाबा, तुम्ही कशाला?" मी घागर रांजणात ओतली. तांब्याला कोणी हात लावेना. मला उशिरा ध्यानात आलं. घरात सुतक. सुतकाच्या हातचं पाणी कोणी पीत नाही. रीत आहे. पोरंही थांबली होती, थोरांकडं बघत. मला वाटलं, आता हे पाणी ओतून द्यावं लागणार.

आप्पा उठले. नव्वदीला टेकलेला माणूस, भिंतीला धरून धरून रांजणापर्यंत आले. चंबू त्यांच्या जागेवरच राहिला. तांब्या बुडवला. उभ्यानं, डोकं मागं टाकून, सगळा पिऊन टाकला. पंच्यानं मिशी पुसली. रांजणावर हात ठेवला आन् म्हशीला नाही, खांबाला नाही, सरळ म्हणाले,

"सूनबाई, पानी गार हाय."

मग पोरांनी रांग लावली. रांजणात निम्मंच पाणी होतं. मी दुसरी खेप आणायला गेलो.